गाणारे बदलतात, सूर तसाच कसा राहतो?

एखाद्या महाविद्यालयाचा समूहगानाचा किंवा एकांकिकेचा संघ दोन-तीन वर्षं प्रत्येक स्पर्धा गाजवतो. मग ती तुकडी टी.वाय. करून बाहेर पडते आणि पुढच्या वर्षी त्याच महाविद्यालयाला प्राथमिक फेरीतूनच परतावं लागतं. चांगली मुलं होती तोवर सगळं होतं, ती गेल्यावर काहीच उरलं नाही. हे आपल्याकडे इतक्यांदा घडतं, की विद्यार्थ्यांच्या संघाचं असंच व्हायचं, असं आपण धरून चालतो.

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात नॉर्थफील्ड नावाचं छोटं गाव आहे. नॉर्वेतून येऊन तिथे वसलेल्या ल्युथरन पाळकांनी आणि शेतकऱ्यांनी १८७४ साली सेंट ओलाफ कॉलेज सुरू केलं. त्या कॉलेजचा गायकवृंद म्हणजे सेंट ओलाफ क्वायर १९१२ पासून गातो आहे. त्यात साधारण ७५ गायक असतात आणि ते सगळे विद्यार्थी असतात. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, म्हणजे फार तर चार वर्षांत अख्खा वृंद बदलतो. शतकाहून जास्त काळात तो असा पंचविसाहून अधिक वेळा बदलला आहे. तरी जाणकारांना या वृंदाचा आवाज ओळखता येतो, आणि त्याची कीर्तीही कधी ओसरली नाही.

हे कसं जमतं? याचं उत्तर मंचावर फारसं दिसत नाही. ते महाविद्यालयाच्या संगीत विभागात, आणि तो विभाग चालवणाऱ्या माणसाच्या कामात आहे. अमेरिकेतल्या अनेक ख्रिस्ती महाविद्यालयांत संगीत आणि उपासना यांचा मिळून एक विभाग असतो. त्याच्या प्रमुखाचं काम कसं चालतं, ते टप्प्याटप्प्याने पाहू.

एक व्हायोलिनवादक आणि त्याचा कान

१९०३ साली सेंट ओलाफच्या संगीत विभागाची जबाबदारी एफ. मेलियस ख्रिस्तियनसन यांच्याकडे आली. १८७१ साली नॉर्वेत जन्मलेला हा माणूस १८८८ मध्ये अमेरिकेत आला. तो मुळात व्हायोलिनवादक. पुढे जर्मनीतल्या लाइपझिगच्या संगीतशाळेत तो शिकून आला. कॉलेजात त्याने आधी बँड हाती घेतला आणि १९०६ मध्ये तो थेट नॉर्वेच्या दौऱ्यावर नेला. नंतर गावातल्या चर्चच्या गायकवृंदावर मेहनत घेतली आणि त्यातूनच १९१२ मध्ये सेंट ओलाफ क्वायर आकाराला आला.

व्हायोलिनवर स्वरांच्या जागा आखलेल्या नसतात. बोट केसभर सरकलं तरी स्वर बिघडतो. अशा वाद्यावर घडलेल्या कानाला वृंदगानातला सर्वात मोठा दोष लगेच कळला. तो दोष होता कंपाचा. शास्त्रीय पाश्चात्त्य गायनात लांबवलेला स्वर सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा किंचित वर-खाली हलतो. एकट्या गायकाच्या गळ्यात ते गोड वाटतं. पण सत्तर गळे एकच स्वर धरतात आणि प्रत्येकाचा कंप आपापल्या वेगाने चालतो, तेव्हा स्वराच्या कडा पुसट होतात. त्यात चार वेगवेगळे स्वर एकत्र लावणारी सुसंवादी रचना असेल, तर ऐकणाऱ्याला नुसती धूसर गर्दी ऐकू येते.

ख्रिस्तियनसन यांनी आपल्या गायकांना सरळ, जवळजवळ न हलणारा स्वर लावायला शिकवलं. वाद्यांची साथ नाही, हातात कागद नाही, सगळं पाठ. १९२० मध्ये हा वृंद न्यूयॉर्कसह पूर्व किनाऱ्याच्या दौऱ्यावर गेला, आणि गावाकडच्या कॉलेजातली मुलं असं गाऊ शकतात, हे देशाला कळलं.

ही एकच योग्य पद्धत असं मात्र नाही. त्याच काळात ओहायोतल्या डेटन शहरात जॉन फिनली विल्यमसन यांनी १९२० साली वेस्टमिन्स्टर क्वायर सुरू केला. त्यांना भरदार, कंपयुक्त, मोकळ्या गळ्याचा आवाज हवा होता. चर्चसाठी संगीताचे पूर्णवेळ सेवक तयार करायला त्यांनी १९२६ मध्ये शाळाही काढली. ती पुढे प्रिन्स्टनला गेली आणि वेस्टमिन्स्टर क्वायर कॉलेज म्हणून नावाजली. दोन माणसांच्या कानांनी दोन वेगळे आवाज पसंत केले, आणि दोन्ही आवाज पिढ्यान् पिढ्या टिकले.

विरजण लावलेलं असतं

आवाज घडवणं निराळं आणि तो टिकवणं निराळं. मुलं दर वर्षी जात असताना आवाज मागे कसा राहतो? घरात रोज दही संपतं, पण संपण्याआधी चमचाभर दही बाजूला काढलेलं असतं. त्या चमच्यावर दुसऱ्या दिवशीचं अख्खं भांडं लागतं. चांगला विभागप्रमुख वृंदाचं हेच करतो, फक्त त्याच्याकडे चमचाभर नव्हे, तर जवळजवळ पाऊण भांडं जुनं दही असतं.

यामागे चार गोष्टी असतात.

पहिली, दर वर्षी होणारी निवड. शरद ऋतूत नवं वर्ष सुरू होताच आवाजाची चाचणी होते. पदवी घेऊन गेलेल्यांच्या जागी नवे येतात, पण बहुतेक गायक गेल्या वर्षीचे असतात. नवा गायक जुन्याच्या शेजारी उभा राहतो आणि शेजारच्याचं ऐकतच शिकतो. शिक्षकाने तोंडी सांगितलेल्या दहा सूचनांपेक्षा कानाशेजारचा एक नेमका स्वर जास्त शिकवतो.

दुसरी, खालच्या पायऱ्या. सेंट ओलाफमध्ये एकच वृंद नाही. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी मुलांचा वायकिंग कोरस आणि मुलींचा मॅनिटू सिंगर्स असे वृंद चालत आले. पुढच्या वर्गांसाठी चॅपेल क्वायर आणि कँटोराय आहेत. मुख्य वृंदात पाऊल ठेवणारा विद्यार्थी तोच श्वास, तेच उच्चार, तीच शिस्त आधी कुठेतरी शिकून आलेला असतो. आपल्याकडच्या स्पर्धेच्या संघामागे ही दुसरी फळी बहुधा नसते.

तिसरी, उभं राहण्याची जागा. आयोवा राज्यातल्या ल्युथर कॉलेजात वेस्टन नोबल यांनी १९४८ ते २००५ अशी ५७ वर्षं नॉर्डिक क्वायर चालवला. कोणाच्या शेजारी कोण उभं राहिलं की दोन्ही आवाज एकमेकांत मिसळतात, याची ते एकेका जोडीला गायला लावून पारख करत. दोन उत्तम गळे शेजारी आले की कधी एकमेकांना खातात, आणि जागा बदलली की तेच गळे एकजीव होतात. हे काम वेळ खातं, पण त्यामुळे कोणालाही आवाज दाबून गावं लागत नाही.

चौथी आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट, वारस. सेंट ओलाफ क्वायरची सूत्रं मेलियस यांच्यानंतर त्यांचे पुत्र ओलाफ यांच्याकडे आली, १९६८ मध्ये केनेथ जेनिंग्ज यांच्याकडे आणि १९९० मध्ये अँटन आर्मस्ट्राँग यांच्याकडे. हे तिघेही विद्यार्थी असताना याच वृंदात गायले होते. दुसरे पुत्र पॉल यांनी मिनेसोटातल्याच कॉन्कॉर्डिया कॉलेजचा वृंद १९३७ ते १९८६ अशी ४९ वर्षं सांभाळला. इतकी दीर्घ कारकीर्द असली की एका माणसाची आवड हळूहळू संस्थेची सवय होते.

प्राध्यापक, संयोजक, हिशेबनीस

इथपर्यंत वाचून विभागप्रमुख म्हणजे वृंदाचा संचालक, असं वाटेल. पण त्याचा बराचसा दिवस हातवारे करण्यात जात नाही.

या वाटेवरचा माणूस साधारणपणे संगीतातली डॉक्टरेट घेऊन सहायक प्राध्यापक म्हणून लागतो. मग परिवीक्षेची वर्षं सुरू होतात. अमेरिकन प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनानुसार हा काळ जास्तीत जास्त सात वर्षांचा असावा, असा संकेत आहे. त्या काळात त्याचं शिकवणं, त्याचं संगीतातलं काम आणि संस्थेसाठी केलेली सेवा तपासली जाते. इतिहासाच्या प्राध्यापकाकडून शोधनिबंध अपेक्षित असतात, तर संगीताच्या प्राध्यापकाचे कार्यक्रम, रचना आणि ध्वनिमुद्रणंही शोधकार्यात मोजली जातात. तपासणीत उतरला की त्याला कायमपण मिळतं. दशकानुदशकं एकाच जागी राहून आवाज घडवण्याची सोय या कायमपणातून होते.

विभागप्रमुखपद बहुधा याच्या पुढचं असतं. बऱ्याच ठिकाणी ते काही वर्षांसाठी आळीपाळीने येतं. मग वेळापत्रक, नेमणुका, तासिका तत्त्वावरचे शिक्षक, पियानोची दुरुस्ती, शिष्यवृत्त्यांचं वाटप अशी सगळी कामं त्याच्याकडे येतात. संगीत विभागाचं गणित इतर विभागांपेक्षा अवघड असतं, कारण गळा किंवा व्हायोलिन साठ जणांच्या वर्गात शिकवता येत नाही. एक गुरू, एक शिष्य, एक तास, असाच तो धडा असतो. त्यामुळे शिक्षकाचा कार्यभार मोजताना वैयक्तिक शिकवणीचे तीन तास वर्गाच्या दोन तासांबरोबर धरण्याची पद्धत बऱ्याच विभागांत आहे. दर विद्यार्थ्यामागे खर्च जास्त होतो, आणि काटकसरीच्या वर्षी प्रशासनाची नजर आधी इथेच जाते. प्रत्येक तास का लागतो, हे आकडे मांडून पटवून देणं हे प्रमुखाचं काम.

अभ्यासक्रमावर बाहेरचाही डोळा असतो. १९२४ साली स्थापन झालेली संगीतशाळांची राष्ट्रीय संघटना विभागांना मान्यता देते. विभाग आधी स्वतःचा सविस्तर अहवाल लिहितो, मग बाहेरचे परीक्षक येऊन तालमी, वर्ग, ग्रंथालय आणि सरावाच्या खोल्यासुद्धा पाहतात. संघटनेच्या निकषांनुसार व्यावसायिक संगीत पदवीत निदान ६५ टक्के अभ्यास संगीताचा हवा, तर सर्वसाधारण कला पदवीत तो ३० ते ४५ टक्के असतो. विद्यार्थ्याला फक्त वादक व्हायचं आहे की संगीत जाणणारा सुशिक्षित माणूस, याचा निर्णय या टक्केवारीत दडलेला असतो, आणि प्रवेशाच्या वेळी तो समजावून सांगणं हेही प्रमुखाचंच काम.

> चौकट : विभागप्रमुखाचं वर्ष
> ऑगस्ट-सप्टेंबर : आवाजाच्या चाचण्या, वृंदांची रचना, वेळापत्रक.
> ऑक्टोबर-नोव्हेंबर : माध्यमिक शाळांना भेटी, दौऱ्याची आखणी, नाताळच्या कार्यक्रमाच्या तालमी.
> डिसेंबर : नाताळचे कार्यक्रम, सत्रअखेर प्राध्यापकांच्या मंडळासमोर प्रत्येक विद्यार्थ्याची गायन-वादन परीक्षा.
> जानेवारी-फेब्रुवारी : दौरा, पुढच्या वर्षी येऊ इच्छिणाऱ्यांच्या शिष्यवृत्ती चाचण्या.
> मार्च-एप्रिल : अंदाजपत्रक, नव्या नेमणुका, पदवीच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचे एकल कार्यक्रम.
> मे : परीक्षा, पदवीदान, आणि जाणाऱ्या आवाजांच्या जागी कोण येणार याचा विचार.

मैफल आणि उपासना

नुसत्या संगीत विभागात आणि उपासनेच्या विभागात मोठा फरक आहे. मैफलीत श्रोते शांत बसले तर कार्यक्रम रंगला असं आपण म्हणतो. उपासनेत मंडळी, म्हणजे जमलेले भाविक, शांत बसले तर गाणं पुढे नेणारा नापास झाला. तिथे गायकाने स्वतः सुंदर गाणं पुरेसं नाही. समोरच्या अप्रशिक्षित माणसांना गाता आलं पाहिजे. म्हणून या विभागात गळ्याइतकंच महत्त्व मंडळीला ओळखण्याला असतं.

पट्टीचं उदाहरण घ्या. ध्वनिमुद्रित भक्तिगीत बहुतेकदा उंच पुरुषी आवाजाला शोभेल अशा पट्टीत असतं. रविवारी चर्चमध्ये जमलेले आजोबा, नोकरदार स्त्रिया, शाळकरी मुलं यांचा सामायिक आवाका मात्र सप्तकाहून थोडासाच मोठा असतो. मूळ पट्टीत गाणं सुरू झालं की कडव्याच्या उंच ओळीला लोक एकेक करून थांबतात. विद्यार्थ्याला ते गाणं खालच्या पट्टीत आणायला शिकवावं लागतं.

आपल्या संगीतात हे सोपं आहे, कारण सा कुठेही धरला तरी बाकीचे स्वर त्याच्याशी नातं ठेवून जागेवर बसतात. पाश्चात्त्य पद्धतीत स्वरांची नावं पक्की असल्याने पट्टी बदलली की सगळं पुन्हा लिहावं लागतं. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात ध्वनिमुद्रण करणाऱ्या वादकांनी यावर तोड काढली. त्यांनी स्वरसंगतींना नावांऐवजी १, ४, ५ असे आकडे दिले. आकडा मूळ स्वरापासूनचं नातं सांगतो, त्यामुळे कागद तोच ठेवून कुठल्याही पट्टीत वाजवता येतं. उपासना संगीताच्या अनेक वर्गांत आता ही पद्धत शिकवली जाते.

हे शिक्षण असं का बदललं, यालाही इतिहास आहे. साठच्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात तरुणांची एक धार्मिक चळवळ उसळली. ऑर्गनच्या जागी गिटार आली. १९७१ मध्ये मॅरानाथा म्युझिक या नावाने ही नवी गाणी ध्वनिमुद्रित होऊ लागली आणि देशभर पसरली. पुढची दोन दशकं चर्चांमध्ये जुनी गीतं की नवी, ऑर्गन की बँड, यावर कडवे वाद झाले. पूर्वी चर्चसंगीत म्हणजे ऑर्गन, वृंद आणि गीतसंग्रह एवढंच शिकवणाऱ्या अनेक महाविद्यालयांनी मग विभागाचं नाव आणि स्वरूप बदललं. गीतलेखन, बँडसाठी रचना, ध्वनियंत्रणा, उपासनेचा इतिहास आणि धर्मशास्त्र हे विषय एकत्र आले. मिशिगनमधल्या कॅल्विन कॉलेजात १९९७ मध्ये ख्रिस्ती उपासनेच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्थाच उभी राहिली.

कायद्याचं ज्ञानही यात आलं. अमेरिकेच्या कायद्यानुसार प्रार्थनास्थळातल्या उपासनेत धार्मिक गीत गायला परवानगी लागत नाही. पण त्याच गीताचे शब्द छापून वाटणं किंवा पडद्यावर दाखवणं हा प्रती काढण्याचा प्रकार ठरतो आणि त्यासाठी परवाना लागतो. १९८८ पासून सीसीएलआय ही संस्था वार्षिक शुल्क घेऊन चर्चना असा परवाना देते आणि कोणती गाणी वापरली गेली, त्यानुसार रचनाकारांना मानधन पोचवते. उपासनेचं थेट प्रक्षेपण करायचं तर आणखी वेगळी परवानगी. गावातल्या साध्या चर्चमध्ये संगीत सांभाळणाऱ्याला हे माहीत नसेल, तर तो नकळत कायदा मोडतो.

या सगळ्यात प्रमुखाला रोजचे निर्णय घ्यावे लागतात. ऑर्गनची दुरुस्ती आधी की नवी ध्वनियंत्रणा? जर्मन रचनाकार बाख यांची रचना शिकायला वेळ द्यायचा की विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या गाण्यांना? माझ्या मते, ज्या विभागात दोन्हींची गाठ पडते तो विभाग खरा. शतकांपूर्वीची रचना गाताना कान तयार होतो, आणि आजचं गाणं रचताना आजच्या माणसाची भाषा कळते.

दौरा : कान, पैसा आणि नवे विद्यार्थी

अशा विभागांचे वृंद दर वर्षी दौऱ्यावर का जातात? रोज नव्या सभागृहात, नव्या प्रतिध्वनीत गाऊन वृंद एकजीव होतो, हे एक कारण. पण दौऱ्याचं मूळ पैशाशी आणि संस्थेच्या अस्तित्वाशी जोडलेलं आहे. टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी निघालेलं फिस्क विद्यापीठ काही वर्षांतच बंद पडायच्या बेतात होतं. तिथले खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी घेऊन गाण्याच्या दौऱ्यावर निघाले. हेच फिस्क ज्युबिली सिंगर्स. गुलामगिरीच्या काळात जन्मलेली भजनं त्यांनी जगापुढे नेली, इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गायली. त्या कमाईतून उभी राहिलेली ज्युबिली हॉल ही इमारत १८७६ मध्ये पुरी झाली. या वृंदातले बहुतेक गायक एकेकाळी स्वतः गुलाम होते.

दौऱ्याचा तिसरा फायदा हळू दिसतो. गावोगावच्या चर्चमध्ये वृंद गातो तेव्हा समोर शाळकरी मुलं बसलेली असतात. त्यांच्यातली काही पुढे याच कॉलेजात अर्ज करतात. माजी विद्यार्थी त्याच गावांत शाळेचे संगीतशिक्षक होतात आणि आपले उत्तम विद्यार्थी पुन्हा तिथेच पाठवतात. पुढच्या दहा वर्षांचे आवाज असे आधीच घडू लागलेले असतात.

मराठी मंडळीतला हाच प्रश्न

उपासनेत कोणाचं संगीत गायचं, हा प्रश्न मराठी ख्रिस्ती समाजाने फार आधी सोडवायला घेतला होता. अमेरिकन मिशनऱ्यांनी इंग्रजी गीतांची मराठी भाषांतरं आणली, पण ती पाश्चात्त्य चालींवर गायची होती. १८९५ साली ख्रिस्ती झालेले आणि अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम केलेले रेव्ह. नारायण वामन टिळक यांनी अभंग, भजन आणि कीर्तन या आपल्या घाटांत ख्रिस्ती उपासना आणली. टिळकांची अनेक गीतं मराठी चर्चमध्ये आजही गायली जातात. मंडळीच्या गळ्यात बसेल तेच उपासनेचं संगीत, हे त्यांनी कुठल्याही अभ्यासक्रमाविना ओळखलं होतं.

गोव्यात दुसरी फळी घडवण्याचं काम चर्चच्या संगीतशिक्षकांनी केलं. गावच्या चर्चच्या शाळेत मुलांना स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकवणं, रविवारी वृंदाकडून गाऊन घेणं, सणाला वाद्यवृंद उभा करणं, हे सगळं एकच माणूस करी. त्या शाळांतून निघालेले वादक पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीतात गेले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलं ठळक नाव. पदव्या आणि मान्यता नव्हत्या, पण दुसरी फळी तयार करणारा माणूस होता.

कारकीर्द मोजायची कशावर?

विभागप्रमुखाची कारकीर्द पुरस्कारांवर किंवा गाजलेल्या कार्यक्रमांवर मोजणं सोपं आहे. पण कार्यक्रम एका तुकडीचा असतो आणि विभाग अनेक तुकड्यांचा. खरी मोजदाद तीन प्रश्नांनी व्हावी. प्रमुख निवृत्त झाल्यावर त्याची जागा घ्यायला त्याच्याच शिष्यांपैकी कोणी तयार आहे का? इथून शिकून गेलेला विद्यार्थी पन्नास माणसांच्या मंडळीसमोर उभा राहिला, तर सगळ्यांना झेपेल अशी पट्टी त्याला निवडता येते का? आणि ज्या शाळांमध्ये हे विद्यार्थी शिक्षक झाले, तिथली मुलं गातात का?

आपल्याकडची महाविद्यालयं कलामंडळावर खर्च करतात तो बहुतेक स्पर्धेपुरता. त्याऐवजी एक पूर्णवेळ संगीतशिक्षक, पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी वेगळा वृंद आणि माजी विद्यार्थ्यांशी कायमचा संपर्क, एवढ्या तीन गोष्टींना दर वर्षी पैसे द्यावेत. बक्षीस मिळो न मिळो, हा खर्च दहा वर्षं न थांबता चालू ठेवायला हवा, कारण गाण्याची परंपरा उभी राहायला साधारण तेवढा वेळ लागतोच.